फॉरमॅट करण्याआधी निदान करा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरचा संगणक मंद झाल्यास काय करावे, याविषयीचा लेख वाचला. तात्पुरत्या फाइली पुसणे, संगणक सुरू होताना आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम कमी करणे, व्हायरसची तपासणी करणे हे त्यातील सल्ले चुकीचे नाहीत. माझी हरकत शेवटच्या दोन परिच्छेदांना आहे. एवढे करूनही फरक पडला नाही तर चेक डिस्क या विंडोजमधल्या डिस्क तपासणाऱ्या साधनाची पूर्ण तपासणी चालवावी, आणि तरीही संगणक हँग होत राहिला तर फॉरमॅट करून, म्हणजे डिस्क पुसून, विंडोज नव्याने टाकावे, असे त्यांत सुचवले आहे. यंत्राचा एखादा भागच बिघडलेला असू शकतो, ही शक्यता लेखात कुठेही विचारात घेतलेली नाही. ज्यांचा भाग खरोखर बिघडला आहे, त्यांना हे दोन्ही सल्ले नुसते निरुपयोगी नव्हे तर घातक ठरू शकतात, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

मी आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आणि निवृत्तीनंतर नातलगांचे, ओळखीच्यांचे अडलेले संगणक पाहण्याचा छंद मला जडला. समोर आलेल्या संगणकाविषयी मी विचारतो तो पहिला प्रश्न बहुधा 'यापूर्वी कितीदा फॉरमॅट केलाय?' हाच असतो, आणि 'एकदाही नाही' हे उत्तर क्वचितच मिळते. माझ्या एका नातेवाइकांचा संगणक वर्षभरात तीनदा फॉरमॅट झाला होता. दर वेळी तो दुरुस्त होऊन आला, चार-सहा आठवडे नीट चालला आणि पुन्हा अडखळू लागला. घरच्यांनी यावरून असा निष्कर्ष काढला की मुले काहीतरी डाउनलोड करतात आणि त्यामुळे संगणक बिघडतो. मुलांना बोलणी बसत होती ती निराळीच.

फॉरमॅटने काही काळ बरे वाटते, हीच त्यातली फसगत आहे, आणि असे का वाटते हे समजून घेण्यासारखे आहे. हार्ड डिस्कवरील माहिती सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत लिहिलेली असते. एखादा सेक्टर वाचता येईनासा झाला की डिस्क त्याची 'संशयित' म्हणून नोंद ठेवते, पण तो लगेच बाद करत नाही, कारण त्यातली माहिती कधीतरी वाचता येईल अशी तिला आशा असते. त्याच जागी नवे काही लिहिण्याची वेळ आली, की ती जुन्या माहितीची आशा सोडते आणि लिहिणे जमले नाही तर राखीव साठ्यातला दुसरा सेक्टर त्याच्या जागी लावते. म्हणजेच पूर्ण फॉरमॅटमध्ये डिस्कभर शून्ये लिहिली गेली, की सगळे संशयित सेक्टर एका फटक्यात निकालात निघतात. झटपट फॉरमॅटमध्ये एवढेही होत नाही. तिथे विंडोजच्या फाइली नव्याने आणि बऱ्याचदा वेगळ्या, अजून धड असलेल्या जागी उतरतात, इतकेच. दोन्ही वेळा संगणक काही आठवडे पळतो. डिस्कचा पृष्ठभाग मात्र पूर्वी ज्या कारणाने खराब होत होता, त्याच कारणाने खराब होत राहतो. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे. शिवाय फॉरमॅटबरोबर विंडोजने जमवलेल्या बिघाडाच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि पुढच्या माणसाला तपासायला पुरावाच उरत नाही.

निदानाची सुरुवात तक्रारीचे शब्द नीट लावण्यापासून व्हायला हवी. 'कॉम्प्युटर स्लो झालाय' या एका वाक्यात लोक किमान तीन वेगळ्या तक्रारी सांगत असतात. पहिली, सगळी कामे होतात पण सावकाश होतात. दुसरी, काम चालू असताना मध्येच सगळे गोठते आणि काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी पुन्हा चालू होते. तिसरी, गोठते ते कायमचेच, किंवा संगणक स्वतःहून बंद पडून पुन्हा सुरू होतो. या तिन्हींची कारणे बहुतेक वेळा वेगवेगळी असतात. कोणता अनुभव येतो, संगणक सुरू केल्यावर किती वेळाने येतो, त्या वेळी काय चालू होते आणि माउसचा बाण हलत होता का, एवढे आठवडाभर कागदावर टिपून ठेवले, तरी निम्मे काम होते. महागडी उपकरणे नसलेल्या माणसासाठी ही वही फार मोलाची आहे, आणि दुर्दैवाने तीच कुणी ठेवत नाही.

संगणक गोठलेला असताना करण्याजोगी एक साधी चाचणी आहे. कीबोर्डवरील कॅप्स लॉकची कळ दाबावी आणि तिचा दिवा लागतो-विझतो का ते पाहावे. हा दिवा कीबोर्ड स्वतःच्या मनाने लावत नाही. कळ दाबल्याचे संगणकाला कळते आणि त्याने उलट आज्ञा दिली की मग दिवा लागतो. दिवा हुकमाप्रमाणे चालत असेल, तर संगणकाचा गाभा जिवंत आहे आणि तो कशाची तरी, बहुधा डिस्कची, वाट पाहत थांबला आहे. दिवा ढिम्म असेल, तर अडचण अधिक खोल असते आणि रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी), वीजपुरवठा, मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य फलक) किंवा ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) यांच्याकडे पाहावे लागते. ही चाचणी निर्णायक नाही, पण तपास कुठल्या दिशेने न्यायचा हे ती पाच सेकंदांत सांगते.

पहिल्या दोन तक्रारींत, माझ्या अनुभवाप्रमाणे, डिस्क हाच सर्वांत मोठा संशयित असतो. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कच्या तबकडीला एका फेरीस सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. सेक्टर पहिल्या खेपेस वाचता आला नाही, तर तो पुन्हा डिस्कच्या वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत एक पूर्ण फेरी थांबावे लागते, आणि घरगुती वापराच्या डिस्का असा प्रयत्न शेकडो वेळा करतात. पाचशे प्रयत्न झाले तर साडेपाच सेकंद गेले, आणि ते केवळ एका सेक्टरपायी. तोवर इतर सगळ्या मागण्या रांगेत उभ्या राहतात. माउसचा बाण मेमरीतून चालतो, त्याला डिस्क लागत नाही, म्हणून तो हलत राहतो. पण ज्यावर क्लिक करावे ते काही केल्या उघडत नाही.

हे डोळ्यांनी पाहता येते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्सच्या पानावर डिस्क निवडावी. डिस्क १०० टक्के व्यग्र दिसली म्हणजे ती बिघडली, असे मात्र समजू नये. विंडोज अद्ययावत होत असताना चांगली डिस्कही तितकी व्यग्र दिसते. पाहायचे असते ते व्यग्रता आणि प्रत्यक्ष वाहतूक यांचे गुणोत्तर. डिस्क १०० टक्के व्यग्र आहे, पण वाचन-लेखन सेकंदाला जेमतेम काही किलोबाइट होत आहे आणि प्रतिसादाचा सरासरी वेळ हजारो मिलिसेकंदांवर गेला आहे, असे चित्र दिसले, तर ती डिस्क काम करत नसून धडपडत आहे. त्याच वेळी शेजारचा मेमरीचा आलेखही पाहून घ्यावा. रॅम काठोकाठ भरलेली असेल, तर विंडोज तिचा भार डिस्कवर टाकत असते आणि डिस्क त्यामुळे दमलेली असते. ती रॅमची कमतरता झाली, बिघाड नव्हे, आणि तिच्यावर रॅम वाढवणे हाच उपाय आहे.

दुसरा पुरावा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात, सिस्टिमच्या नोंदींत सापडतो. तिथे 'डिस्क' या स्रोताखाली ७ क्रमांकाची नोंद खराब सेक्टरची असते, आणि १५३ क्रमांकाची नोंद डिस्ककडे केलेली मागणी पुन्हा करावी लागली असे सांगते. डिस्कच्या नियंत्रकाकडून आलेली १२९ क्रमांकाची नोंद त्याहून गंभीर असते. डिस्क उत्तरच देईना, म्हणून तिला रीसेट करावे लागले, असा तिचा अर्थ. या नोंदींच्या वेळा आणि वहीतल्या गोठण्याच्या वेळा जुळल्या, तर आणखी शोधाशोध करण्याचे कारण उरत नाही.

तिसरा पुरावा स्वतः डिस्क देते. प्रत्येक आधुनिक डिस्क 'स्मार्ट' या नावाने आपल्या प्रकृतीची नोंदवही ठेवते, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्ससारख्या विनामूल्य साधनांनी ती वाचता येते. त्यातील चारच ओळी घरच्या माणसाने पाहिल्या तरी पुरे: ०५ ही बदललेल्या सेक्टरांची, सी५ ही संशयित सेक्टरांची, सी६ ही मुळीच न वाचता आलेल्या सेक्टरांची आणि सी७ ही डिस्क व मदरबोर्ड यांच्यामधल्या वाहतुकीत झालेल्या चुकांची. या ओळींमधला कच्चा आकडा शून्य असावा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा आकडा मूळ मांडणीत षोडशमान पद्धतीने दाखवते. त्यामुळे तिथे '१०' दिसले तर ते सोळा आहेत, हे नवख्याला ठाऊक नसते.

या नोंदवहीवर किती भिस्त ठेवावी, याचेही उत्तर उपलब्ध आहे. गूगलच्या संशोधकांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. ज्या डिस्कवर तपासणीत पहिली वाचनचूक आढळली, ती पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. मात्र त्याच अभ्यासात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी त्या संशोधकांनी प्रमुख मानलेल्या चार निर्देशकांपैकी एकाचाही इशारा आधी दिला नव्हता. तेव्हा नोंदवही वाईट सांगत असेल तर विश्वास ठेवावा, आणि चांगले सांगत असेल तर गाफील राहू नये.

आता चेक डिस्कविषयी. तिची पूर्ण तपासणी डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते, आणि खराब डिस्कवर हे काम तासन् तास, कधी दिवसभर चालते. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढे पळवणे म्हणजे दम लागलेल्या माणसाला डोंगर चढायला लावण्यासारखे आहे. शिवाय चेक डिस्कला फाइलींची रचना सुसंगत करायची असते, आपले फोटो वाचवायचे नसतात. रचना जुळवताना ती तुटके दुवे खुशाल छाटून टाकते. म्हणून ०५, सी५ किंवा सी६ यांत आकडा दिसला, किंवा डिस्कमधून टक् टक् असा आवाज येऊ लागला, तर पहिले काम एकच: जे महत्त्वाचे आहे ते दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे. आवाज करणारी डिस्क तर 'बघू या आणखी काय होते' म्हणून पुन्हा पुन्हा चालू करूच नये. दस्तऐवज आणि फोटो हाती आले, की मग डिस्क बदलावी.

एसएसडीचे, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कचे, दुखणे वेगळे असते. तिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे ती आवाज करत नाही आणि बऱ्याचदा पूर्वसूचनाही देत नाही. काठोकाठ भरलेली एसएसडी मंद होते, तेव्हा थोडी जागा मोकळी ठेवून पाहावी.

नातेवाइकांच्या ज्या संगणकाचा वर उल्लेख केला, त्याच्या बाबतीत मी स्वतः आधी चुकलो होतो. मला संशय रॅमचा आला आणि अख्खी रात्र मेमरीची चाचणी चालवण्यात गेली. सकाळी एकही चूक निघाली नव्हती. मग डिस्कची नोंदवही उघडली. ०५, सी५, सी६ या तिन्ही ओळी स्वच्छ होत्या आणि सी७ मध्ये २,१८६ हा आकडा होता. म्हणजे डिस्क ठणठणीत होती आणि तिच्याकडून निघालेली माहिती वाटेत बिघडत होती. पेटीचे झाकण काढल्यावर कारण समोर आले: डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलच्या टोकाची लोखंडी पट्टी तुटली होती आणि झाकणाच्या दाबाने केबल जोडणीपाशीच काटकोनात वाकली होती. आत तापमान वाढले किंवा टेबलाला धक्का लागला, की जोडणी क्षणभर सैल होई, माहिती चुकीची पोहोचे, विंडोज ती पुन्हा मागे, आणि तेवढ्या वेळात सगळे गोठून राही. तीनदा केलेल्या फॉरमॅटने तीनदा गुण का आला, याचाही उलगडा तिथेच झाला. दर वेळी दुरुस्ती करणाऱ्याने पेटी उघडून धूळ झटकली होती आणि तेव्हा केबल हलून काही दिवसांपुरती नीट बसली होती. औषध म्हणून गणला गेला तो फॉरमॅट, आणि गुण आला होता तो हाताच्या धक्क्याने. मी त्या दुरुस्तीकाराला दोष देत नाही. दारात दहा संगणक उभे असताना फॉरमॅट हे एकच काम असे आहे, जे सुरू करून दुसरीकडे वळता येते.

रॅमबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. रॅम कमी असेल तर संगणक मंद होतो. रॅम खराब असेल तर तो सहसा मंद होत नाही, तर कुठेही, कधीही गोठतो, निळा पडदा (विंडोज बंद पडताना दिसणारी बिघाडाची सूचना) दाखवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीही न दाखवता फाइलींमध्ये चुका लिहीत राहतो. दर वेळी निळ्या पडद्यावर वेगळेच कारण दिसत असेल, तर रॅमचा संशय बळावतो. टोरांटो विद्यापीठ आणि गूगल यांच्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्व्हरमधील ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांमध्ये वर्षभरात किमान एक चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरमध्ये चूक ओळखून सुधारणारी रॅम होती, म्हणून ती नोंदली तरी गेली. घरच्या बहुतेक संगणकांत तशी सोय नसते, तेव्हा चूक झाली हे सांगायलाही कुणी नसते.

चाचणीसाठी विंडोजमध्येच मेमरी डायग्नॉस्टिक आहे, पण मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६प्लस पेनड्राइव्हवरून चालवणे अधिक खात्रीचे. ते रात्रभर चालू द्यावे. सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती एक म्हणून सोडून देऊ नये. त्यानंतर दोनपैकी एकच पट्टी ठेवून, मग दुसरी ठेवून, आणि शेवटी खाचा बदलून तीच चाचणी करावी, कारण कधी पट्टी चांगली असते आणि मदरबोर्डवरची खाच खराब असते. पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबराने पुसून परत बसवल्याने संगणक सुरू झाल्याचे आपण सर्वांनी ऐकले आहे. ते खोटे नाही, कारण पुन्हा बसवल्याने जोडणी खरोखर सुधारते. मात्र खोडरबर घासताना त्याचा चुरा खाचेत जातो आणि हातातली स्थिर वीज चिपला इजा करू शकते. तेव्हा वीज तोडून, धातूच्या पेटीला हात लावून मगच हे काम करावे.

उष्णतेचे निदान सर्वांत सोपे, कारण तिला घड्याळ असते. सकाळी सुरू केलेला संगणक चपळ असतो, दहा-पंधरा मिनिटांत पंखा घोंघावू लागतो आणि मग सगळे रांगू लागते. थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा लावला, की पुन्हा पहिली दहा मिनिटे बरी जातात. प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, ठरावीक मर्यादेपर्यंत, अनेकांच्या बाबतीत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास, तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. एचडब्ल्यूइन्फोसारख्या साधनात तापमान आणि वेग शेजारी शेजारी दिसतात. एक चढताना दुसरा कोसळताना दिसला, की वाद मिटला. पंखा फिरताना दिसतो म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पंखा आणि धातूच्या पात्या यांच्यामध्ये धुळीची गादी साचलेली असते आणि हवा पुढे जातच नाही. गादी काढताना पंख्याचे पाते हाताने धरून ठेवावे. काही वर्षांनी प्रोसेसर आणि पात्या यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही सुकते, ती बदलावी.

वीजपुरवठ्याच्या बिघाडाने संगणक मंद होत नाही, तो अचानक बंद पडतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर या स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद तेवढी मागे राहते. तिचा अर्थ संगणक रीतसर बंद झाला नव्हता, एवढाच आहे. ती नोंद म्हणजे पॉवर सप्लाय खराब असल्याचे प्रमाणपत्र नव्हे, तरी ती दाखवून पॉवर सप्लाय बदलायला लावल्याचे मी पाहिले आहे. खरा तपास मल्टिमीटरने, संगणकावर भार असताना होतो: १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या तारेवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट असायला हवेत. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग) माथ्याशी फुगलेले किंवा गळलेले दिसले, तर मोजण्याचीही गरज नाही. पॉवर सप्लायची पेटी मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यानंतरही तिच्यातील मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ जिवावर बेतेल इतका विजेचा दाब शिल्लक असतो.

लॅपटॉपवाल्यांसाठी एक वेगळे कारण सांगतो, कारण ते शोधायला मला स्वतःला दोन दिवस लागले. काही लॅपटॉप चार्जरची ओळख पटवून घेतात. चार्जर पर्यायी असेल किंवा त्याच्या टोकातली ओळख देणारी बारीक तार तुटली असेल, तर लॅपटॉप चालू राहतो, पण प्रोसेसरचा वेग अगदी खालच्या पातळीवर बांधून ठेवतो. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर लॅपटॉप पळू लागला, तर दोष कुठे आहे हे सांगायला नको. याउलट मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपल्याने संगणक मंद होतो, हा समज चुकीचा आहे. तो संपला की घड्याळ मागे जाते आणि बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या, नोंदी पुसल्या जातात. वेगाशी त्याचा संबंध नसतो.

एवढे सगळे करण्याची उमेद नसेल, त्याने निदान एक चाचणी करावी, आणि आपल्या लेखात फॉरमॅटच्या आधी तिला जागा मिळायला हवी होती. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या प्रणालीची पेनड्राइव्हवरून चालणारी आवृत्ती विनामूल्य मिळते. संगणक बंद करून, वीज काढून, हार्ड डिस्कच्या दोन्ही केबली सोडवाव्यात आणि त्या पेनड्राइव्हवरून संगणक दोन-तीन तास वापरावा. डिस्क नुसती न वापरून चालत नाही, ती सोडवावीच लागते, कारण आजारी डिस्क जोडलेली असली तर नवी प्रणालीही तिची विचारपूस करण्यात अडकून पडते. डिस्क नसताना संगणक सुरळीत चालला, तर दोष डिस्कमध्ये, तिच्या केबलमध्ये किंवा विंडोजमध्ये आहे. तरीही गोठला, तर विंडोज निर्दोष आहे आणि शंभरदा फॉरमॅट केले तरी काही होणार नाही. यात एकही फाइल पुसली जात नाही आणि एकही भाग विकत आणावा लागत नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे आणखी एक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि त्यामुळे अनेक घरांतले जुने संगणक नव्या प्रणालीसाठी उघडले जात आहेत. ज्या डिस्कचे सेक्टर आधीच डगमगत आहेत, तिच्यावर नवी प्रणाली टाकताना ती अर्ध्यावर अडकते, आणि जुनी गेली, नवी आली नाही, अशा अवस्थेत फोटोंसह सगळे अधांतरी राहते.

तेव्हा आपणास विनंती अशी, की त्या लेखातील चेक डिस्कसंबंधीच्या सल्ल्याची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी. तिच्यात निदान इतके असावे, की आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी, मग डिस्कची नोंदवही पाहावी, आणि ती स्वच्छ असेल तरच चेक डिस्कला हात लावावा. जागा असेल तर पेनड्राइव्हची चाचणीही सांगावी.

नातेवाइकांच्या संगणकाला नवी केबल लावली, त्याला आता चौदा महिने झाले. सी७ चा आकडा डिस्क कधीच पुसत नाही, त्यामुळे नव्याने झालेली प्रत्येक चूक त्यात मिळवली जाते. मी त्यांच्याकडे गेलो की तो न चुकता उघडून पाहतो. गेल्या आठवड्यातही तिथे २,१८६ च होते.

आपला,
एक नियमित वाचक